आभार मानायचे ते कुणाचे

स्वतःची कथा साभार परत आल्याचं दुःख मला लवकर पचायचं. दुसऱ्या कुणाची कथा छापून आली की मात्र ते दिवस दिवस डोक्यातून जात नसे. दिवाळी अंक हातात आला की मी आधी अनुक्रमणिका उघडायचे. कोण आहे, कोण गेल्या वर्षीही होतं, कुणाचं नाव मुखपृष्ठावर टाकलंय, एवढं पाहून अंक मिटायचा. त्यातली एकही कथा वाचलेली नसायची.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्ट्या मी तिथल्या पुस्तकांवर काढल्या आहेत. दिवाळीनंतर तिथं अंक यायला लागले की आम्ही नंबर लावून ते घरी न्यायचो आणि तेलाचे डाग पडतील म्हणून आई फराळाच्या ताटाजवळ अंक आणू द्यायची नाही. त्याच वाचनालयात बसून आता मी नावं मोजत होते. हे एकदा लख्खपणे जाणवलं आणि मी घाबरले. कथा लिहिणाऱ्याचं वाचन आटलं की लिहिणं फार काळ तग धरत नाही. माझं अडायला लागलंच होतं. नोकरीवरून आल्यावर वही घेऊन बसायचे, दोन ओळी व्हायच्या, आणि ‘हे कोण छापणार?’ हा प्रश्न तिसऱ्या ओळीच्या जागी येऊन बसायचा.

एका मैत्रिणीनं सांगितलं, “अगं, रोज झोपताना तीन चांगल्या गोष्टी लिहून ठेव. मन बदलतं.” हा सल्ला काही नवा नव्हता. पण ती वडिलांच्या लांबलेल्या आजारपणात अशा वहीच्या आधारानं उभी राहिली होती, ते मी जवळून पाहिलं होतं. म्हणून मीही वही घातली.

सुरुवातीला बरं वाटलं. मग वहीत त्याच त्या गोष्टी फिरून यायला लागल्या. आई-बाबांची तब्येत ठीक आहे. नोकरी आहे. आज पाऊस झाला. सगळं खरंच होतं, पण लिहिताना हात चालायचा आणि मन जागचं हलायचं नाही. पुढे पुढे तर ती वही म्हणजे झोपण्यापूर्वीचं आणखी एक काम झालं. माझ्या लिहिण्यावर तर तिचा काडीचाही परिणाम झाला नव्हता.

मी सोडून देणार होते. पण मला एखादी गोष्ट का चालली नाही हे कळल्याशिवाय सोडवत नाही, म्हणून यावर कुणी अभ्यास केलाय का ते शोधलं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास सापडला. त्यांनी लोकांचे गट पाडले. एका गटानं ज्याबद्दल आभारी वाटतं ते लिहायचं, दुसऱ्यानं त्रास देणाऱ्या गोष्टी लिहायच्या, तिसऱ्यानं आठवड्यात घडलेलं काहीही. त्यांच्या पहिल्या प्रयोगात हे लिहिणं रोजचं नव्हतंच, आठवड्यातून एकदा होतं, आणि ते दहा आठवडे चाललं. आभार लिहिणाऱ्यांना शेवटी आपल्या आयुष्याबद्दल अधिक बरं वाटत होतं. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं, की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो झाला नाही. सवयीनं धार जाते, असं त्यांचं म्हणणं. हे वाचून मला हायसं वाटलं. माझ्या वहीचं तेच झालं होतं.

मग वही रविवार दुपारची केली आणि तिला दोन अटी घातल्या. पहिली, वहीत फक्त लिहिण्या-वाचण्याशी संबंधित गोष्ट येईल. दुसरी, प्रत्येक नोंदीत एक माणूस असेल आणि त्यानं नेमकं काय केलं ते असेल. ‘वाचनालयाचे आभार’ चालणार नाही. वाचनालयात कोण, कधी, काय केलं, ते लिहायचं. कथेत मी हेच तर करते. ‘ती दुःखी होती’ असं लिहिलं की कथा पडते, तिनं पोळ्यांचा डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला असं लिहिलं की उभी राहते. मग कृतज्ञतेला वेगळा नियम का असावा?

या दुसऱ्या अटीनं सगळं पालटलं.

पहिल्याच रविवारी मला आठवला तो एक फोन. माझं आजोळ बागलाणातलं, सटाण्याच्या बाजूचं. त्या भागातली एक आजी माझ्या एका कथेत आहे. मुलगा तिला शहरात न्यायला येतो, ती जात नाही, आणि कथेच्या शेवटी ती अहिराणीत म्हणते, “मी आठेच शे.” मी इथंच आहे. एका अंकानं ती कथा घेतली होती. ऐन सप्टेंबरात, म्हणजे दिवाळी अंकांच्या कामाला श्वास घ्यायला फुरसत नसते त्या दिवसांत, अक्षरजुळणी करणाऱ्या माणसाचा फोन आला. मी ओळखत नव्हते. ते म्हणाले, “ताई, शेवटच्या ओळीत आजी ‘मी आठेच शे’ म्हणते. प्रूफ वाचणाऱ्यांनी बाजूला ‘इथेच आहे?’ असं विचारलंय. मला वाटतं असंच हवं. माझी मावशी असंच बोलते. तसंच ठेवू ना?”

मी “हो, तसंच ठेवा” म्हणाले, त्यांनी “बरं” म्हटलं, फोन ठेवला. एक मिनिटसुद्धा झालं नसेल. त्यानंतर अंक आला, मी पान उघडून ओळ तपासली, आणि आनंदात तो फोन विसरून गेले. वहीत ती नोंद लिहायला घेतली तेव्हा तिचं वजन कळलं. ती ओळ प्रमाण मराठीत गेली असती तर आजीच गेली असती. अंकातली शेकडो पानं लावून संपवायची असताना एक माणूस एका शब्दासाठी थांबला, त्यानं माझा नंबर शोधला, आणि मला विचारलं. माझ्या कथेची शेवटची ओळ निम्मी त्याची आहे.

मग एकेक जण आठवत गेला. वाचनालयातले काका, जे जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांपैकी माझ्या उपयोगाचा खंड हाती लागला की टेबलाच्या खणात राखून ठेवायचे आणि मी दिसले की काही न बोलता समोर सरकवायचे. साक्रीहून फोन केलेली एक वाचक, तिनं कथेबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त कथेतल्या चुलीजवळच्या परिच्छेदाबद्दल बोलली, कारण तिच्या आईची फुंकणी तशीच भिंतीला टेकवलेली असायची. माझी जाऊ, तिला वाचनाची आवड नाही, पण मी लिहायला बसले की माझ्या मुलीला हळूच आपल्या खोलीत बोलावून घ्यायची आणि याबद्दल कधी बोलून दाखवायची नाही.

इतकी वर्षं मी ‘मी एकटी लिहिते’ असं समजत होते. कथा लिहिताना एकटीच असते, यात खोटं काही नाही. पण कागदावरून वाचकापर्यंत ती जाते तेव्हा किती हातांतून जाते! ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके बाराशे बाराचा, म्हणजे १२९० सालचा उल्लेख आहे, आणि त्याच ओवीत सच्चिदानंदबाबांनी ती आदरानं लिहून घेतली हेही आहे. ग्रंथ सांगणाऱ्याच्या शेजारी लिहून घेणाऱ्याचं नाव. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी टिपून ठेवायचे. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कविता पुस्तकरूपात आल्या. कुणी टिपून ठेवलंच नसतं तर? हे प्रसंग मला शाळेपासून माहीत होते. वही सुरू केल्यावर त्यातल्या लिहून घेणाऱ्या माणसांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं.

वही चालू राहिली तसं दुसरं काहीतरी टोचायला लागलं. मी हे सगळं वहीत लिहीत होते, आणि ज्यांच्याबद्दल लिहीत होते त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ च्या अभ्यासात लोकांना असं एक पत्र लिहायला सांगितलं होतं, ज्याचे नीट आभार मानायचे राहून गेले अशा माणसाला, आणि ते प्रत्यक्ष जाऊन द्यायचं होतं. त्या अभ्यासात तपासलेल्या उपायांमध्ये सुरुवातीचा आनंद सर्वांत जास्त या भेटीनं दिला आणि तो महिनाभर टिकला. मग ओसरला. मला हे प्रामाणिक वाटलं. एका पत्रानं माणूस जन्माचा सुखी होतो असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

पत्र लिहायला मी पुष्कळ दिवस घेतले. संकोच वाटत होता. त्या माणसाला वाटेल, हिला पुढचा अंक गाठायचाय म्हणून गोड बोलतेय. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये नेमका हाच संकोच तपासला आहे. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात घेणारे फारसे अवघडत नाहीत, आणि त्यांना होणारा आनंद लिहिणाऱ्याच्या अंदाजापेक्षा मोठा असतो. हे वाचून मी पत्र पूर्ण केलं आणि पुण्याला कामासाठी जाणं झालं तेव्हा सोबत नेलं.

अक्षरजुळणीचं ते ऑफिस एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांनी भरलेलं. ते गृहस्थ माझ्या कल्पनेपेक्षा बरेच तरुण निघाले. पत्र त्यांनी उभ्यानंच वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, “बसा ना ताई, चहा सांगतो. बरं झालं तुम्ही आलात, मला तुम्हाला एक दाखवायचंच होतं.” मला वाटलं जुना अंक काढतील. त्यांनी संगणकावर माझी मूळ फाइल उघडली. युनिकोडमधला मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलला की काय होतं ते दाखवलं. रफार एक घर सरकतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यातला ऱ फुटतो. अवतरणचिन्हं उलटी होतात. प्रत्येक कथेत हे हातानं सुधारावं लागतं, आणि रात्रीच्या घाईत एखादं निसटतं. मग वाचकाला वाटतं लेखकाला शुद्धलेखन येत नाही. “तुमच्या कथेत ऱ फार येतो,” ते हसून म्हणाले. “खेड्यातल्या कथांमध्ये येतोच. वाऱ्याची, शेजाऱ्याला, म्हाताऱ्याकडे.”

मी तासभर तिथं बसले. मुद्रितशोधन करणाऱ्या काकूंशीही ओळख झाली, ज्यांनी ‘इथेच आहे?’ असं विचारलं होतं. त्यांनीही विचारूनच ठेवलं होतं, परस्पर बदललं नव्हतं. त्यांचंही नाव त्या रविवारी वहीत गेलं. निघताना मी ठरवलं की यापुढे कथा पाठवताना बोलीतल्या शब्दांची छोटी यादी सोबत द्यायची, कुठला शब्द तसाच ठेवायचा आणि का, एवढी. तेव्हापासून देते. त्यांचं काम हलकं होतं आणि माझी भाषा सुरक्षित राहते. आभार मानायला गेले आणि कामाची एक गोष्ट शिकून आले, हे मला फार मोलाचं वाटतं. कृतज्ञता म्हणजे मनाला लावायचं मलम नाही, ती माहितीही देते.

आता त्या अनुक्रमणिकेचं. मत्सर वहीनं आपोआप गेला नाही. त्यासाठी वेगळी मेहनत करावी लागली. माझी कथा नसलेला अंक मी मुद्दाम घरी आणायला लागले आणि ज्या नावानं सर्वांत जास्त टोचलं त्याच कथेपासून वाचायला सुरुवात केली, हातात पेन्सिल घेऊन. एकच शोधायचं, या बाईनं किंवा या माणसानं असं काय केलंय जे मला जमत नाही? एका कथेत दोन बहिणी आईच्या दागिन्यांची वाटणी करतात. सगळी वाटणी संवादातून होते आणि दागिन्यांची नावं सोडली तर दोघींच्या मनातलं एक वाक्य लेखिका सांगत नाही. ठुशी कुणाला, पाटल्या कुणाला, मोहनमाळेचं काय. वाचून संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पात्राच्या मनात फार लवकर शिरते. त्या लेखिकेला मी संदेश पाठवला. ‘कथा छान आहे’ असं न लिहिता मोहनमाळ पेटीत परत ठेवली जाते त्या जागेबद्दल लिहिलं. तिचं उत्तर आलं की त्या जागेसाठी तिनं सगळ्यात जास्त खर्डे केले होते आणि त्याबद्दल बोलणारी मी पहिलीच. आता आम्ही एकमेकींचे कच्चे खर्डे वाचतो. ती कठोर वाचक आहे. मला तशीच हवी होती.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण सकारात्मकतेच्या नावाखाली लेखकांना जे ऐकवलं जातं त्यातलं बरंच मला अजिबात मान्य नाही. एका अंकानं माझी कथा छापली, अंक पाठवला नाही, मानधनही दिलं नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं की नवोदितांना व्यासपीठ मिळतं हेच मोठं, त्याबद्दल समाधान मानावं. वर ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ हेही ऐकवलं. तुकोबांचं नाव घेऊन कुणाचे पैसे बुडवू नयेत. त्याच तुकोबांनी प्रत्यक्ष विठ्ठलाशी भांडण मांडलं आहे, त्याला जाब विचारला आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याशीच असं भांडता येतं. कृतज्ञ माणूस हक्क सोडत नाही. माझ्या वहीत त्या अंकाच्या चित्रकाराचं नाव आहे, कारण त्यानं आजीचा पदर डोक्यावरून जसा काढला तसा मला शब्दांत जमला नसता. आणि माझ्या टपालाच्या फाइलमध्ये त्याच अंकाला पाठवलेली मानधनाची स्मरणपत्रं आहेत. दोन्ही माझ्याच हाताची आहेत आणि दोन्हींत काही विसंगत नाही.

तसंच लिहिण्याच्या आशयाचं. वही सुरू केल्यानंतर काही काळ माझ्या कथांतली माणसं फार समजूतदार व्हायला लागली. सासू शेवटी सुनेचा हात धरते, सावकाराला पाझर फुटतो. मैत्रिणीनं वाचून सांगितलं, “सगळे चांगले कसे झाले एकदम?” तिचं बरोबर होतं. लिहिणाऱ्याचं मन निवळावं ते त्याला स्वच्छ दिसावं म्हणून. कांद्याचा भाव पडल्यावर ट्रॉली बाजार समितीतून तशीच परत आणणारा शेतकरी मला दिसतो, तेव्हा त्याचा राग कथेत रागासारखाच यायला हवा. त्याला मी माझ्या शांततेचा वाटा देऊ शकत नाही. आता मी वही आणि कथा वेगवेगळ्या दिवशी लिहिते. रविवार वहीचा, आणि कथा पहाटे, कामाच्या दिवशी.

आईच्या शस्त्रक्रियेच्या काळात वही बंद होती. रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून चांगलं शोधायची जबरदस्ती मी स्वतःवर केली नाही, आणि कुणी करावी असं मला वाटत नाही. आई घरी आली, जेवायला लागली, मग एका रविवारी मी पुन्हा लिहिलं. त्या दिवशीची नोंद बाजूच्या खाटेवरच्या आजींच्या नातवाची आहे. तो रात्री जागायचा आणि जवळचा दिवाळी अंक आईला वाचून दाखवायचा. त्यानं कुठली कथा वाचली, हे आईला आठवत नाही. तिला आठवतं ते तो प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा काढायचा.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर वर्षी मराठीत हे एवढं मोठं काम चालतं. लेखकाचं नाव कथेच्या डोक्यावर येतं. बाकीच्यांची नावं, आलीच तर, आतल्या पानावर बारीक टायपात येतात. मी आता अंक उघडला की आधी ते पान वाचते. अक्षरजुळणी कुणाची, मांडणी कुणाची, मुद्रितशोधन कुणाचं, छपाई कुठं झाली. मग अनुक्रमणिका. तिथं अजूनही कधी कधी टोचतं. पण हल्ली ज्या नावापाशी टोचतं तिथूनच माझं वाचन सुरू होतं. आणि पहाटेच्या, कथेच्या वहीत तिसऱ्या ओळीनंतर चौथी ओळ येते.

सध्या एक पत्र लिहून तयार आहे आणि ते पाठवता येत नाहीये. माझी अगदी पहिली कथा ज्या संपादकांनी परत केली, त्यांनी समासात शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरांत शेरे लिहिले होते. एका परिच्छेदापुढे ‘इथून सुरू करा’ असं होतं. मी अजूनही प्रत्येक कथेचा पहिला खर्डा झाला की तो परिच्छेद शोधते, जिथून ती खरंच सुरू होते. ते मासिक बंद होऊन बरीच वर्षं झाली. वाचनालयातल्या काकांनी जुन्या अंकातून कार्यालयाचा पत्ता काढून दिला, पण तिथं आता दुसरीच इमारत उभी आहे. त्या संपादकांचे एक पुतणे दादरला राहतात असं मागच्या आठवड्यात कळलं आहे. फोन नंबर मिळवायचा प्रयत्न चालू आहे.